मित्रांच्या स्मरणार्थ डोंगरातल्या बचाव पथकांसाठी निधी कसा उभारावा

इंदूरहून दर हिवाळ्यात रात्रीच्या गाडीने सह्याद्रीकडे निघणारा आमचा चमू बारा जणांचा होता. आता तो दहा जणांचा आहे. दोघे मित्र एका घाटवाटेवर घळीत पडून गेले, आणि त्यांना वर आणण्यासाठी जे पथक आले त्यात एकही पगारी माणूस नव्हता. एकाचे किराणा दुकान होते, एक जण शाळेत शिकवत होता, दोघे कारखान्यातली रात्रपाळी संपवून तसेच आले होते. दीड दिवसाने काम आटोपले तेव्हा त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी दोरी गुंडाळायला घेतली. गुंडाळताना ते तिची प्रत्येक वीत अंगठ्याखालून सरकवत चाचपत होते. एका जागी त्यांचा हात थांबला, कारण तिथे वरचे आवरण खडकाला घासून फाटले होते आणि आतले पांढरे धागे बाहेर आले होते. त्यांनी सुरी काढून तो भाग कापून टाकला आणि शेजारच्या मुलाला एवढेच म्हणाले, "ही आता लांब कड्याला पुरायची नाही." आम्ही पैसे पुढे केले, तर त्यांनी आमचे हात मागे सारले. ती दोरी पथकाने आपसांत वर्गणी काढून घेतली होती, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळले.

इंदूरला परतल्यावर स्मरणार्थ काय करावे यावर अनेक सूचना आल्या. उद्यानात बाक ठेवावा, वाचनालयाला पुस्तके द्यावीत, उन्हाळ्यात पाणपोई चालवावी, असे बरेच काही सुचवले गेले आणि त्यातले काहीच वाईट नव्हते. पण कापलेल्या दोरीचा तो तुकडा आमच्या डोळ्यांपुढून जात नव्हता, म्हणून आम्ही बचाव पथकासाठी निधी उभारायचे ठरवले. त्यात आम्ही काही गोष्टी नीट केल्या आणि काही चुकलो. ज्यांच्या मनात असेच काही असेल, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून तो सारा अनुभव येथे मांडत आहे.

आधी घरच्यांशी बोलावे

निधीला नाव देण्यापूर्वी, आवाहनाचा एक शब्द लिहिण्यापूर्वी, गेलेल्या मित्राच्या आईवडिलांकडे, पत्नीकडे किंवा भावंडांकडे जावे. फोनवर हा विषय काढू नये. तेराव्यापर्यंत तर मुळीच काढू नये; आम्ही तीन महिने थांबलो आणि तेही मला आता थोडे लवकरच झाले असे वाटते. मित्रमंडळी आपल्या दुःखाच्या भरात असे गृहीत धरतात की घरच्यांनाही हे आवडेलच, परंतु डोंगराचे नावही नको झालेली आई "त्याचे नाव दोरीला देऊ नका" असे म्हणू शकते, आणि तसे झाल्यास तो शब्द अंतिम मानावा. अशा वेळी नाव न घालता केवळ "मित्रांच्या स्मरणार्थ" असे लिहूनही काम होते.

परवानगी मागताना चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: नाव वापरायचे का, छायाचित्र वापरायचे तर कोणते, अपघाताचा उल्लेख किती करायचा, आणि जमलेल्या पैशाचे काय होणार याची माहिती घरात कोणाला द्यायची. आमच्या एका मित्राच्या वडिलांनी डोंगरावरचा फोटो नाकारला आणि गणेशोत्सवातला ढोल वाजवतानाचा फोटो स्वतः काढून दिला. या काकांनी दिलेला तोच फोटो आम्ही सगळीकडे वापरला. अपघातस्थळाची, स्ट्रेचरची किंवा बचावकार्याची छायाचित्रे आवाहनात कधीही घालू नयेत, मग त्याने कितीही पैसे जमणार असोत. चूक कोणाची झाली, वाट कोणी निवडली, याची चर्चाही निधीच्या व्यासपीठावर येऊ देऊ नये.

पथकाला काय हवे ते पथकालाच विचारावे

महाराष्ट्रातील डोंगरी बचावकार्याचा मोठा भार स्वयंसेवी पथकांवर आहे. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स अशी अनेक पथके वर्षानुवर्षे हे काम करीत आली आहेत, आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर हे समन्वय केंद्र मदतीचा फोन आला की जवळच्या पथकापर्यंत तो पोहोचवते. ही पथके केवळ ट्रेकर्ससाठी धावतात असेही नाही. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली तेव्हा आणि जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हाही गिर्यारोहक स्वयंसेवक मदतीला पोहोचले होते. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नसल्यामुळे सारे सामान पायवाटेने डोक्यावर-खांद्यावर न्यावे लागले. यामुळेच अशा पथकांचे साहित्य आपल्या कल्पनेपेक्षा फार लवकर झिजते.

आम्ही पहिल्या वर्षी विचारले नाही, आणि त्याचे शल्य अजून आहे. आमच्यातल्या एकाच्या ओळखीने स्वस्तात हेल्मेटे मिळाली, म्हणून आम्ही मोठ्या उत्साहाने ती पाठवून दिली. पथकाने आभाराचे पत्र पाठवले. पुढे प्रत्यक्ष भेटीत त्यांनी अतिशय संकोचाने सांगितले की ती बांधकामावरची हेल्मेटे होती आणि कड्यावर वापरता आली नाहीत. औद्योगिक हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा कुठे अडकला तर गळा आवळू नये म्हणून ठरावीक झटक्याला सुटेल असा केलेला असतो. ईएन ३९७ या युरोपीय मानकात तो १५० ते २५० न्यूटन बलाला सुटणे अपेक्षित असते. गिर्यारोहणाच्या हेल्मेटचे ईएन १२४९२ हे मानक नेमके उलटे सांगते, कारण पडणाऱ्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट राहिलेच पाहिजे, म्हणून तो पट्टा ५०० न्यूटनपर्यंत टिकावा लागतो. लोकांनी मित्रांच्या आठवणीने दिलेले पैसे आम्ही न विचारल्यामुळे कपाटात जाऊन पडले.

तेव्हा पथकाकडून लेखी यादी मागवावी, त्यात वस्तूचे मानक, माप आणि त्यांच्या नेहमीच्या विक्रेत्याचे दरपत्रक असावे, आणि यादी त्यांनी ज्या क्रमाने दिली असेल तोच क्रम पाळावा. दोरीच्या बाबतीत थोडे जाणून घेतले तर आवाहन लिहिताना उपयोग होतो. चढाईची दोरी पडणाऱ्याचा झटका शोषून घेण्यासाठी ताणली जाते; बचावासाठी मात्र कमी ताणाची, जिला सगळे स्टॅटिक रोप म्हणतात ती, साधारण १०.५ किंवा ११ मिलिमीटर जाडीची दोरी लागते, कारण स्ट्रेचर वर ओढताना ती रबरासारखी खालीवर झाली तर जखमी माणसाचे हाल होतात. तिचे मानक ईएन १८९१ आहे आणि त्यातला "ए" प्रकार बचावकार्य आणि दोरीवरच्या कामासाठीचा आहे. नायलॉनची दोरी न वापरताही म्हातारी होते. उत्पादनापासून १० वर्षांनी ती बाद करावी असे बहुतेक उत्पादक सांगतात, आणि भरपूर वापर असेल किंवा खडकाच्या धारेने आवरण फाटले असेल तर त्याआधी कितीतरी लवकर. वापरलेली, कोणाच्या घरात पडून असलेली दोरी किंवा हार्नेस (दोरीला अडकण्यासाठी अंगावर बांधायचा पट्टा) भेट म्हणून कधीही स्वीकारू नये, कारण तिच्यावर पूर्वी कोणता भार आला, ॲसिडचा संपर्क झाला का, हे कोणीच सांगू शकत नाही आणि नुसते पाहून ते कळत नाही.

यादीत दोरी, कॅराबिनर (दोरी अडकवायची धातूची कडी), पुली, स्ट्रेचर अशा डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू असतील तर देणगीदार लगेच पुढे येतात. पथकाची खरी ओढाताण मात्र बहुधा न दिसणाऱ्या खर्चात होते: रात्री निघालेल्या जीपचे डिझेल आणि टोल, हेडलॅम्पचे सेल, प्रथमोपचाराच्या पेटीत दर वर्षी बदलावी लागणारी औषधे, उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेतील सर्च अँड रेस्क्यू अभ्यासक्रमाला एखाद्या तरुण स्वयंसेवकाला पाठवण्याचा खर्च. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे तो स्वयंसेवकांचा अपघात विमा. दुसऱ्याच्या मुलाला वर आणायला जो दरीत उतरतो, त्याच्या स्वतःच्या घराचे काय होईल याची तजवीज नसणे ही गोष्ट मला सहन होत नाही. साध्या वैयक्तिक अपघात विम्याच्या अटींमध्ये गिर्यारोहण आणि साहसी खेळ पुष्कळदा वगळलेले असतात, त्यामुळे सामूहिक पॉलिसी घेताना बचावकार्य, सराव आणि दोरीवरचे काम तिच्यात स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहे का, हे विमा प्रतिनिधीच्या तोंडी आश्वासनावर न सोडता कागदावर वाचून घ्यावे.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. परदेशात असलेला एखादा मित्र उदार मनाने सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र घेऊन येतो. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय अशी उपकरणे बाळगता येत नाहीत, आणि बहुतेक शक्तिशाली वॉकीटॉकी संचांनाही परवाना लागतो. भेटीमुळे पथकच अडचणीत येईल असे काही देऊ नये.

पैसा कोणाच्या खात्यात जमा करावा

सर्वांत सोपा वाटणारा आणि सर्वांत त्रासाचा मार्ग म्हणजे चमूतल्या एका विश्वासू मित्राचा यूपीआय क्रमांक देणे. त्या मित्राच्या प्रामाणिकपणाबद्दल येथे शंका नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम व्यक्तीच्या खात्यात आली तर आयकर कायद्याने ती त्याचे उत्पन्न धरली जाऊ शकते, आणि घरखर्चाच्या पैशात मिसळलेल्या देणग्या पुढे वेगळ्या काढून दाखवणे त्यालाच जड जाते. म्हणून पथकाची नोंदणीकृत संस्था असेल तर देणगी थेट तिच्याच खात्यात जावी, आणि आपण केवळ आवाहन करणारे राहावे. संस्थेकडून तिच्या नावाचा क्यूआर कोड, नोंदणीपत्राची आणि पॅनची प्रत, तसेच "या आवाहनातून येणारी रक्कम अमुक कामासाठीच वापरली जाईल" असे एक पत्र घ्यावे. देणगीदाराने नोंदीच्या रकान्यात एक ठरलेला शब्द लिहावा, म्हणजे संस्थेला आपला निधी वेगळा ओळखता येतो. आम्ही दोघा मित्रांच्या नावांची आद्याक्षरे ठेवली होती.

काही मंडळी दर वर्षी हा उपक्रम करायचा म्हणून इंदूरलाच संस्था काढू पाहतात. मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली ती नोंदवता येते, परंतु वार्षिक विवरणे, लेखापरीक्षण आणि सभा यांचा भार कायमचा अंगावर येतो. दहा जणांच्या चमूने त्या वाटेला जाऊ नये असे मी सुचवीन.

करसवलतीबद्दल जपून बोलावे. ८०जी नावाने ओळखली जाणारी सवलत संस्थेला तशी मान्यता असेल तरच मिळते, २,००० रुपयांवरील रोख देणगीवर ती मिळत नाही, आणि नवी कररचना निवडलेल्या देणगीदाराला तिचा लाभ होत नाही. हे न सांगता "सवलत मिळेल" असे छापले तर जुलै महिन्यात विवरणपत्र भरताना लोक आपल्याला फोन करतात, आणि ते बरोबरच असते.

इंदूरच्या मराठी घरांतली कितीतरी मुले परदेशात आहेत आणि अशा प्रसंगी पहिला निरोप त्यांचाच येतो. येथे पासपोर्ट पाहावा लागतो. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या कमाईतून, बँकेच्या नेहमीच्या मार्गाने दिलेली देणगी विदेशी अंशदान (कायद्याच्या भाषेत परदेशी स्रोताकडून आलेली देणगी) धरली जात नाही. मात्र ज्याने अमेरिकेचे वा अन्य देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओळखपत्र) असले तरी त्याची देणगी विदेशी अंशदान ठरते, आणि विदेशी अंशदान (नियमन) कायदा, २०१० प्रमाणे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच, ती घेता येते. बहुतेक लहान पथकांकडे ही नोंदणी नसते. अशा मित्राला नम्रपणे नाही म्हणावे. ज्या भावाने रात्री दोन वाजता फोन करून पैसे देऊ केले त्याला नाही म्हणताना माझा आवाज कापला होता, पण एका देणगीपायी पथकाच्या नोंदणीवर गंडांतर आणणे आम्हाला परवडले नसते.

पीथमपूरच्या कारखान्यांत किंवा इंदूरच्या कंपन्यांत ओळख असेल तर सीएसआर निधीचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी काढून ठेवलेल्या पैशाचा, प्रयत्न अवश्य करावा. आपत्ती व्यवस्थापन हा विषय कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे, पण घेणाऱ्या संस्थेने सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी केलेली असावी लागते. हे आधी तपासले नाही तर महिनाभराच्या भेटीगाठी फुकट जातात.

आवाहन आणि कार्यक्रम

आवाहन लहान असावे आणि त्यात मागणी ठोस असावी. आम्ही वापरलेला मजकूर साधारण असा होता:

"आमचे दोन मित्र डिसेंबरात सह्याद्रीत आम्हाला सोडून गेले. त्यांना वर आणणारे पथक स्वयंसेवकांचे आहे आणि ते कोणाकडूनही मोबदला घेत नाही. या पथकाला २०० मीटर बचाव दोरी आणि सर्व सदस्यांचा वर्षभराचा अपघात विमा हवा आहे. दोन्हींची दरपत्रके सोबत जोडली आहेत. दोन्ही कुटुंबांच्या संमतीने आम्ही हे आवाहन करीत आहोत. देणगी थेट पथकाच्या संस्थेच्या खात्यात जमा होईल. ३१ मार्चनंतर देणगी स्वीकारली जाणार नाही आणि १५ एप्रिलला सर्व देणगीदारांना हिशेब पाठवला जाईल."

यात "पथक पैसे घेत नाही" हे वाक्य राहिलेच पाहिजे. ते गाळले तर बचावासाठी पैसे मोजावे लागतात असा समज पसरतो, आणि तो समज घातक आहे, कारण उद्या कोणी संकटात सापडलेला मुलगा खर्चाच्या भीतीने मदतीचा फोन उशिरा करील.

आम्हाला सर्वांत जास्त साथ मिळाली ती दोरी मीटरवर वाटून घेण्याच्या कल्पनेला. दरपत्रकातील किंमत कर आणि वाहतूक धरून २०० ने भागली, आणि एका मीटरची जी रक्कम आली ती एक देणगी ठरवली. इंदूरच्या रामबागेतल्या एका शिकवणीच्या मुलांनी मिळून ३ मीटर घेतले. एका आजींनी नवऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी ११ मीटर घेतले. मोठी रक्कम देणारा आणि एक मीटर देणारा यांची नावे यादीत मीटरच्या क्रमाने न लावता आद्याक्षरांच्या क्रमाने लावावीत.

कार्यक्रम करायचा झाला तर इंदूरजवळ जानापावसारखी जागा नाही. माळव्याच्या पठारावरचे हे उंच शिखर ८५४ मीटरचे आहे, चंबळ तेथे उगम पावते, आणि आजीआजोबाही सावकाश चढू शकतील अशी वाट आहे. आम्ही जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे निघालो, वर दोन मिनिटे उभे राहिलो, आणि खाली उतरल्यावर पोहे-जिलेबीच्या वेळी पथकाच्या एका सदस्याने झाडाला दोरी बांधून स्ट्रेचर कसे ओढतात ते दाखवले. मुलांनी ते ओढून पाहिले तेव्हा एका माणसाला वर घ्यायला किती हात लागतात हे त्यांच्या पालकांना समजले, आणि त्यानंतर भाषणाची गरजच उरली नाही. पावसाळ्यात असा कार्यक्रम ठेवू नये. जुलै २०११ मध्ये इंदूरजवळच्या पातालपाणीच्या धबधब्यावर अचानक आलेल्या लोंढ्यात एक कुटुंब वाहून गेले, ते इंदूरमधले कोणी विसरलेले नाही, आणि स्मरणाच्या कार्यक्रमात नवी दुर्घटना होण्याइतके भयंकर दुसरे काही नसेल. प्रथमोपचार जाणणारी व्यक्ती, एक रिकामी गाडी आणि सहभागींची नावे व घरचे फोन क्रमांक यांची यादी एवढे तरी सोबत हवेच.

नाट्यप्रयोग किंवा गाण्याचा कार्यक्रम ठेवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तो करावा, पण सभागृहाचे भाडे, ध्वनी आणि कलाकारांचा प्रवास हे सर्व आधीच कोणी प्रायोजकाने उचललेले असेल तरच, कारण तसे नसेल तर तिकिटांचे पैसे कार्यक्रमातच संपतात. तिकिटांवर सोडत, लकी ड्रॉ असे काही ठेवू नये, कारण शासनाच्या परवानगीशिवाय पैसे घेऊन सोडत काढणे हा गुन्हा आहे. तसेच पथकाला इंदूरला बोलावून शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्याचा मोह आवरावा. दहा जणांच्या येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च विम्याच्या हप्त्यात घातला तर त्यांना अधिक बरे वाटते, आणि शनिवार-रविवार हेच त्यांचे सर्वाधिक धावपळीचे दिवस असतात.

हिशेब आणि त्यानंतर

ठरलेल्या तारखेला हिशेब पाठवावा, तो एक दिवसही लांबवू नये. त्यात जमा रक्कम, प्रत्येक बिलाचे छायाचित्र, उरलेली रक्कम आणि ती कशासाठी ठेवली आहे, एवढे असावे. आमच्याकडून पहिल्या वर्षी तो सहा आठवडे लांबला, आणि त्या काळात कोणी काही बोलले नाही तरी दोन घरांतून "काय झाले त्याचे?" असा प्रश्न एका मित्राच्या आईपर्यंत गेला. ज्या बाईने मुलगा गमावला तिला आमच्या वतीने उत्तर द्यावे लागले, याची खंत मला अजून वाटते. म्हणून आता हिशेबाची पहिली प्रत दोन्ही घरी आम्ही स्वतः नेऊन देतो, वाचून दाखवतो, आणि मगच इतरांना पाठवतो.

साहित्य पोहोचल्यावर पथकाची दोरीनोंदवही पाहता आली तर पाहावी. प्रत्येक दोरीला क्रमांक, उत्पादनाचे वर्ष, वापरात आल्याची तारीख आणि प्रत्येक कामगिरीनंतर तपासणीची नोंद तिच्यात असते. आमच्या दोरीवर नाव लिहायचे नाही असे काकांनी सांगितले होते, म्हणून तिला फक्त क्रमांक आहे. ती कुठल्या कामगिरीत वापरली गेली, तिथे कोण वाचले आणि कोण नाही, हे पथकाला विचारू नये, कारण ते त्या कुटुंबांचे आहे.

विमा मात्र दर वर्षी संपतो. त्याच्या नूतनीकरणाच्या तारखेच्या तीन महिने आधी पुढचे आवाहन निघावे, आणि ते काम चमूतल्या एकाच माणसावर न टाकता दोघांनी आळीपाळीने घ्यावे. आमची तारीख एप्रिलच्या शेवटी येते, त्यामुळे संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही पथकाला फोन करून या वर्षी सदस्य किती आहेत ते विचारतो.